हाडवैद्याला मूल ठाऊक नव्हतं

झाडाला असं करकचून बांधून ठेवायला त्याने गुन्हा तरी काय केला असेल, हे कोडं केतकी गेडामला काही केल्या सुटत नव्हतं.

चित्र हाडवैद्याच्या छातीवर होतं. एक सरळसोट खांब, त्याच्या शेजारी वेडंवाकडं वाढलेलं एक झाड आणि दोघांना एकत्र जखडणारा दोर. केतकीने खरं झाड कधी पाहिलं नव्हतं. ती चंद्रावर जन्मली होती, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ जमिनीखाली वसलेल्या ध्रुवतळ नावाच्या वस्तीत. तिथे उगवायचं ते फक्त ट्रेमधलं पालक नि मेथी. पण बांधून ठेवणं म्हणजे काय हे तिला आता कळणार होतं. उद्या सकाळी तिला टेबलाला पट्ट्यांनी बांधून तिच्या दोन्ही गुडघ्यांत स्क्रू घालायचं ठरलं होतं.

हाडवैद्य म्हणजे कोणी माणूस नव्हे. तो चार हातांचा यंत्रमानव होता आणि त्याचं खरं नाव 'ऑर्थोपेडिक विभाग, एकक दोन' असं भलतंच लांबलचक होतं. ध्रुवतळावरची माणसं चंद्रपूरकडची. पिढ्यान्‌पिढ्या कोळसा खणून झाल्यावर आता चंद्रावरच्या खड्ड्यांतलं गोठलेलं पाणी खणायला आलेली. एवढं नाव घ्यायला त्यांना सवड कुठली? हाडं बसवतो तो हाडवैद्य, संपला विषय. आणि खरं सांगायचं तर गडी कामात वाघ होता. दरडीखाली पाय चिरडलेल्या कितीतरी जणांना त्याने पुन्हा उभं केलं होतं. त्याच्या शब्दावर कोणी शंका घेत नसे, आणि सगळी पंचाईत तिथेच झाली.

ध्रुवतळावर मुळात मुलं असणारच नव्हती. काही वर्षं काम करायचं आणि घरी परतायचं, असा मोठ्यांचा बेत. पण परतीची यानं बंद पडली आणि माणसं अडकली. अडकलेली माणसं काय करतात? संसार करतात. पहिला जन्मला सुमेध मेश्राम, त्याच्यामागून केतकी, मग आणखी चारदोन चिल्लीपिल्ली.

चंद्रावर आपलं वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याइतकंच भरतं. ऐकायला मजा वाटते, पण हाडांना भार मिळाला नाही की ती ठिसूळ होत जातात. म्हणून वस्तीत एक मोठी गोल विहिरीसारखी खोली होती. तिच्या उतरत्या भिंतीवरून जोरात गोल गोल धावलं की शरीर भिंतीवर दाबलं जायचं आणि वजन वाढल्यासारखं व्हायचं. तिला सगळे 'घाणा' म्हणत. रोज प्रत्येकाने स्वतःला घाण्याला जुंपायचं, लहान असो की मोठा. एकमेकांवर आदळू नये म्हणून सगळ्यांनी एकाच दिशेने धावायचं हा तिथला शिरस्ता होता, आणि तो मोडला तर म्हातारेकोतारेसुद्धा ओरडत.

दोन वर्षांपूर्वी सुमेधचा डावा गुडघा एका बाजूला झुकू लागला. हाडवैद्याने तेवढ्याच गुडघ्याचा एक्स-रे (हाडांचा फोटो) काढला, तिथे त्याला हाडात भेग दिसली, आणि त्याने ती स्क्रू घालून घट्ट आवळून टाकली. थोडे दिवस बरं वाटलं. मग सुमेधचा उजवा पाय वाढत राहिला आणि डावा जवळजवळ होता तिथेच थांबला. आता तो डाव्या बुटाखाली जाड ठोकळा लावून चालायचा, तरी लंगडायचा. "चंद्राची हवा मानवली नाई पोराले," असं लोक म्हणत. चंद्रावर हवाच नाही, पण जिभेला लागलेली सवय जात नाही. हाडवैद्य चुकला असेल हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि आता केतकीचे गुडघे झुकले होते. दोन्ही, एकाच बाजूला, जणू वाऱ्याने झुकलेत.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ती दवाखान्याच्या खाटेवर पाय लांब करून बसली होती. आई, वंदना गेडाम, खाणीत ड्रिल चालवायची, तिची कामाची पाळी अजून सुटायची होती. सुमेध तेवढा सोबतीला आला होता. तो भिंतीला टेकून उभा होता, कारण खुर्चीतून उठताना त्याची कंबर दुखायची.

"भिऊ नको," तो म्हणाला. "झोपेचं इंजेक्शन देते थो. काही समजत नाई."

"आणि मंग?"

सुमेधने नजर खाली आपल्या ठोकळ्याकडे नेली.   केतकीला त्या 'मंग'चंच उत्तर हवं होतं. उद्यानंतर आपले दोन्ही पाय थांबले तर? सुमेधदादाचा निदान एक तरी वाढला.

रडू येऊ नये म्हणून ती सहज विचारल्यासारखं हाडवैद्याला म्हणाली, "ए, तुह्या छातीवरच्या झाडाले काहून बांधलं रे? त्यानं काय केलं?"

हाडवैद्य हत्यारं पुसत होता. त्याचे दोन हात थांबले, दोन पुसत राहिले.

"हे माझ्या विभागाचं चिन्ह आहे," तो म्हणाला. "त्याचा अर्थ माझ्या वैद्यकीय माहितीत नाही. पण शब्दांचा कोश माझ्याकडे वेगळा आहे, त्यात बघतो." मग तो म्हणाला, "सापडलं. ऑर्थोपेडिक हा शब्द तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका डॉक्टरने तयार केला. प्राचीन ग्रीक भाषेतले दोन शब्द त्याने जोडले. ऑर्थोस म्हणजे सरळ."

"आणि दुसरा?"

"पायदिऑन. म्हणजे लहान मूल."

केतकीने सुमेधकडे पाहिलं. सुमेध भिंतीपासून दूर झाला.

"त्या डॉक्टरने आईबापांसाठी एक पुस्तक लिहिलं होतं," हाडवैद्य वाचल्यासारखं बोलत होता. "मुलांची वाकडी होणारी शरीरं सरळ कशी ठेवावीत, याबद्दल. हे चित्र त्यातलं. झाडाला शिक्षा केलेली नाही. रोप वाकडं वाढू लागलं तर माळी त्याला खांबाचा आधार बांधतो. मग ते वाढता वाढता स्वतःच सरळ होतं. पुढे या विभागात मोठ्यांची मोडलेली हाडंही येऊ लागली, लढायांतले जखमी आले, खाणीतले आले. आपल्याकडे त्याला अस्थिरोग विभाग म्हणतात. अस्थी म्हणजे हाड."

"म्हणजे आपल्या नावात पोट्टं नाईच," सुमेध म्हणाला.

"नाही. मूळ नावात आहे."

केतकी खाटेवर पुढे सरकली. तिला काय विचारायचंय ते तिचं तिलाच नीट कळत नव्हतं, पण ते विचारल्याशिवाय तिला राहवेना. "मंग तुह्यात कुठं हाय? तुह्या माहितीत लहान मुलांचं काय लिवलं हाय?"

आता चारही हात थांबले.

"काहीच नाही," हाडवैद्य म्हणाला. "इकडे पाठवण्याआधी माझ्यातला बालविभाग काढून टाकला होता. वस्तीत मुलं नसतील, मग त्यांची औषधं नि मात्रा चुकून मोठ्यांना दिल्या जाऊ नयेत, म्हणून. सुरक्षिततेसाठी. माझ्या माहितीत माणूस एकाच तऱ्हेचा असतो. लहान चणीचा किंवा मोठ्या चणीचा."

"म्हणजे मी तुले कोण वाटली?"

"लहान चणीची बाई."

एरवी दोघं पोट धरून हसली असती. आज कोणी हसलं नाही.

समोरच्या पडद्यावर केतकीच्या गुडघ्यांचा एक्स-रे होता. गुडघ्यालगत हाडाच्या टोकाजवळ एक काळी आडवी रेघ, तिलाच हाडवैद्य भेग म्हणत होता. उजव्या गुडघ्याला होती, डाव्यालाही होती. केतकी कितीतरी वेळ त्या रेघांकडे बघत राहिली.

"सुमेधदादाची भेगबी इथंच होती न?"

"तंतोतंत इथेच."

"पण मी त कधी पडलीच नाई! दोघांची हाडं एकाच जागी कशी मोडतीन? अन्‌ माही त दोन्ही पायांची, सारखी?"

प्रश्न साधा होता. मोठ्या माणसांपैकी कोणीही तो विचारू शकलं असतं, सुमेधचे आईबाप, केतकीची आई, खाणीचे साहेब. पण हाडवैद्यावरच्या विश्वासाने सगळ्यांच्या डोळ्यांवर झापडं बांधली होती, आणि त्याची किंमत एका पोराने मोजली होती.

"मला माहीत नाही," हाडवैद्य म्हणाला. ध्रुवतळावर त्याच्या तोंडून हे वाक्य कोणी कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात वंदना आली, अंगावर खाणीतली करडी धूळ तशीच. काय झालं ते केतकीने घाईघाईने सांगितलं. वंदनाने आधी ऐकून घेतलं, मग ती हाडवैद्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "माह्या पोरीले हात लावशीन त हे चारही हात उपटून ठेवीन," ती म्हणाली आणि तिने तिथल्या तिथे नागपूरच्या मोठ्या रुग्णालयाला हाक दिली.

पडद्यावर पिकल्या केसांच्या डॉ. हेमांगी किनखेडे आल्या. त्यांनी सारा जन्म मुलांच्या हाडांवर उपचार करण्यात घालवला होता. चंद्रावरून बोललेलं पृथ्वीवर पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला तेवढाच. एरवी ते जाणवत नाही. त्या दिवशी प्रत्येक उत्तराआधीची शांतता केतकीला खायला उठत होती.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ही भेग नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "ही ग्रोथ प्लेट आहे (हाडाच्या वाढीची चकती). हाड रबरासारखं ताणून लांब होत नाही. त्याच्या टोकाजवळ एक मऊ चकती असते. समज, तिथे गवंडी बसलेत. ते विटेवर वीट रचतात, नवं हाड तयार होतं, आणि तू उंच होतेस. कडक हाड एक्स-रेत पांढरं दिसतं. मऊ चकतीतून किरण आरपार जातात, म्हणून तिथे काळी रेघ दिसते. सतराअठराव्या वर्षापर्यंत गवंड्यांचं काम संपतं, चकतीचं कडक हाड होतं आणि रेघ पुसली जाते. मोठ्यांच्या एक्स-रेत ती नसतेच."

"म्हणून मी तिला भेग समजलो," हाडवैद्य म्हणाला.

"पण मंग माहे गुडघे वाकले काहून?"

डॉक्टरांनी घाण्याची सगळी माहिती विचारून घेतली. भिंतीचा उतार किती, मुलं कशी धावतात, कोणत्या दिशेने. मग त्या म्हणाल्या, "तो उतार मोठ्यांच्या वेगासाठी बेतलाय. मोठी माणसं जोरात धावतात, त्यामुळे भार त्यांच्या पायांतून सरळ जातो. तुम्ही हळू धावता, म्हणून तुमचा भार तिरका पडतो. आणि दिशा रोज तीच, म्हणजे रोज चकतीची तीच बाजू दाबली जाते. दाबलेल्या बाजूचे गवंडी हळू काम करतात, मोकळ्या बाजूचे भराभर. भिंत एका अंगाने चढली की ती कलणारच. मोठ्यांचे गवंडी केव्हाच घरी गेलेत, त्यांना काही होत नाही."

वंदना पोरीच्या खाटेशी खाली बसली. "मी हाताले धरून नेत होती तिले घाण्यात," ती म्हणाली. "कंटाळा केला का रागवत होती." केतकीने तिच्या धुळकट केसांवर हात ठेवला.

"याला इलाज आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तोही त्या गवंड्यांकडूनच करून घ्यायचा. जी बाजू जास्त वाढली, तिच्यावर बाहेरून एक छोटी धातूची पट्टी बसवायची. तिचा एक स्क्रू चकतीच्या वर, एक खाली. चकतीला धक्का लावायचा नाही. पट्टी ती बाजू धरून ठेवते, मागे पडलेली बाजू वाढून बरोबरी गाठते. पाय सरळ झाला की पट्टी काढायची. आपण हाड सरळ करत नाही, ते वाढता वाढता सरळ होतं. म्हणून हे मूल वाढतं आहे तोवरच करता येतं. बालविभागाची सगळी माहिती मी आजच तुमच्या एककाला पाठवते."

केतकीने सुटकेचा श्वास टाकला. आणि लगेच तिला आठवलं की खोलीत आणखी कोणीतरी आहे.

सुमेध दाराशी उभा होता. त्याचा चेहरा इतका कोरा होता की केतकीला आपल्या आनंदाची लाज वाटली.

"डॉक्टर," तो म्हणाला, "माह्या चकतीचं काय झालं?"

 सव्वा सेकंद जायला, सव्वा यायला, आणि त्याहून कितीतरी जास्त.

उत्तर हाडवैद्याने दिलं. बालविभागाची पहिली पानं त्याच्यापर्यंत येऊन पोचली होती. "मी तिच्यातून आरपार स्क्रू घातले, सुमेध. चकती आवळली गेली आणि बंद झाली. तुझा पाय चंद्राने थांबवला नाही. मी थांबवला."

ओरडावं, काहीतरी फेकून मारावं, असं केतकीला वाटलं. सुमेध ओरडला नाही. "उघडते का थे परत?" एवढंच त्याने विचारलं.

"इतकी बंद झाली की नाही उघडत," डॉ. किनखेडे म्हणाल्या. त्यांनी काही लपवलं नाही. "आखूड हाड हळूहळू लांबवण्याची एक रीत आहे. पण त्याला पृथ्वीचं वजन लागतं, आणि यानं कधी सुरू होतील ते मी सांगू शकत नाही. तोवर पायांतला फरक वाढत जाईल आणि पाठीचा कणाही वाकेल. दुसरी वाट म्हणजे उजव्या पायाच्या चकत्यांचंही काम आपणच थांबवायचं. डावा पाय खुब्याजवळच्या नि घोट्याजवळच्या बाकी चकत्यांमुळे थोडाफार वाढतोय, तो हळूहळू बरोबरी गाठेल. मग दोन्ही पाय सारखे. तू सरळ चालशील, कंबर दुखणार नाही. पण तुझी उंची फारशी वाढणार नाही. हे तुला आणि तुझ्या आईबाबांना ठरवायचंय. घाई नाही, पण फार उशीरही चालणार नाही."

चांगला पाय मुद्दाम थांबवायचा. केतकीला ते ऐकवेना. तिने कानांवर हात ठेवले.

सुमेधने घरी जाऊन आईबाबांशी बोलून घेतलं. दोन दिवस तो कोणाला भेटला नाही. तिसऱ्या दिवशी तो ठोकळा आपटत दवाखान्यात आला तेव्हा डॉ. किनखेडेंच्या देखरेखीखाली केतकीच्या गुडघ्यांना पट्ट्या बसवून झाल्या होत्या आणि ती खाटेवर होती. हाडवैद्य त्याला पाहून एक पाऊल मागे सरला. यंत्र मागे सरत नसतं म्हणतात, पण तो सरला.

"नागपूरच्या डॉक्टर माझे हात दुरून चालवू शकतात," हाडवैद्य म्हणाला. "वेळ जास्त लागेल, पण ऑपरेशन मी करायला नको असेल तर..."

"तूच कर," सुमेध म्हणाला. "आता तुले मालूम हाय."

आणि तो स्वतःच टेबलावर जाऊन झोपला.

त्यानंतर ध्रुवतळावर बरंच काही बदललं. मुलांसाठी कमी उताराची वेगळी वाट झाली, आणि अर्धा वेळ उजवीकडून, अर्धा वेळ डावीकडून धावायचा नवा शिरस्ता पडला. म्हातारे कुरकुरले, पण वंदना गेडामसमोर कोणाचं चाललं नाही. पाळण्यातल्या नव्या बाळाची हाडं हाडवैद्य आता दर महिन्याला तपासत होता. बाळ त्याचं बोट धरायचं आणि सोडायचं नाही, मग त्याला एका हाताविना बाकीची कामं उरकावी लागायची.

वर्ष उलटून गेलं आणि केतकीच्या पट्ट्या निघाल्या. आई म्हणाली, चल, सगळ्यांना चालून दाखव. केतकी आधी सुमेधकडे गेली.

तो दारातच उभा होता. ठोकळा गेला होता. दोन्ही पाय सारखे, पाठ ताठ. पण मधल्या काळात केतकी उंच झाली होती आणि तो फारसा वाढला नव्हता. कधीकाळी त्याच्या खांद्याशी येणारी केतकी आता त्याच्या डोळ्याला डोळा भिडवत होती. पुढच्या वर्षी ती त्याच्या वर जाईल, हे दोघांनाही दिसत होतं.

  केतकीने गुडघे हळूच वाकवले, खांदे पाडले आणि होईल तेवढी लहान होऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली.

सुमेधच्या ते लगेच लक्षात आलं.

"सरळ उभी राय," तो दरडावून म्हणाला.

केतकी सरळ उभी राहिली.